चौतीस घरांचा साचा

ऑगस्टीन सरांचा प्रोग्रॅम उघडला आणि विनयाला हसू आवरेना. गावात पाण्याच्या पाळीची चौतीस घरं, म्हणून सरांनी चौतीस क्लास, म्हणजे घरटी एक असे प्रोग्रॅमचे वेगवेगळे तुकडे, लिहिले होते. प्रत्येक क्लास एक्केचाळीस ओळींचा. घराचं नाव आणि फोन नंबर सोडला तर शेजाऱ्याचं सगळं जसंच्या तसं खाली उतरवलेलं. ‘कॉपी केलीस तर याद राख’ असा दम मुलांना जन्मभर देणाऱ्या माणसाने निवृत्तीनंतर सगळी हौस फेडून घेतली होती.

अर्थात ती हसली ते मनातल्या मनात. एक तर सर समोर बसले होते, आणि दुसरं म्हणजे दोष तिचाही होता. नववीत बीजगणितात गटांगळ्या खाणाऱ्या विनयाला सरांनी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसवून शिकवलं, तेव्हा कुठे ती इंजिनियर झाली. पुढे टाळेबंदीत जो तो घरात अडकला, तेव्हा एक दिवस सरांचाच फोन आला. “तू कॉम्प्युटरवाली झालीस ना? मग आता मला शिकव.” विरार पूर्वेला मनवेलपाड्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून तिने सरांना फोनवर पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकवली. गाडी क्लासपर्यंत पोचली आणि तिचं ऑफिस सुरू झालं. पुढचं राहून गेलं ते राहूनच गेलं. सरांनी मग जेवढं येत होतं तेवढ्यावर घर बांधून टाकलं.

सरांचं गाव होळी, वसईला लागूनच. नाव होळी असलं तरी बारा महिने इथे काही ना काही पिकतंच. वाड्यांच्या मधोमध एक जुनं बावखल आहे, म्हणजे गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं. त्याच्या काठावर पंप. माघ सरला की पाणी खाली जायला लागतं आणि चौतीस घरांना पाळीपाळीने पाणी सोडावं लागतं. वीज येईल त्यावर रोजचं वेळापत्रक ठरतं. सरांचा प्रोग्रॅम ते मांडायचा आणि ज्याची पाळी असेल त्याच्या फोनवर पंधरा मिनिटं आधी निरोप धाडायचा.

पाळीचे दोन नियम होते, आणि ते कॉम्प्युटरच्याही आधीचे. पहिला, पाणी आपल्या हाताने सोडायचं. घरातलं माणूस पंपाशी उभं राहून चाक फिरवणार, गडी नाही, शेजारी नाही. दुसरा, वेळ झाल्यावर दहा मिनिटांत कोणी आलं नाही तर पाणी पुढच्या घराला. असं लागोपाठ तीनदा झालं की पाळीच जायची. पाळीसाठी रांगेत थांबलेली घरं काही कमी नव्हती.

आता विनयाला बोलावणं आलं होतं ते एका चुकीपायी. गावच्या पाणी मंडळाने प्रत्येकाचा वेळ चाळीस मिनिटांवरून तीस केला. सरांना तो आकडा चौतीस ठिकाणी बदलायचा होता. त्यांनी तेहतीस ठिकाणी बदलला. मग पंपाशेजारचा सॅन्टन आणि मंडळाचे अध्यक्ष फर्डिनंड एकाच वेळी पंपावर हजर झाले, आणि दोघांनी एकमेकांच्या बापजाद्यांचा जो उद्धार केला तो अर्ध्या गावाने ऐकला.

“डोळ्यांत पाणी येतं गं स्क्रीनकडे बघून,” सर म्हणाले. “मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी ओळी धूसर दिसतात. माझ्याच्याने आता व्हायचं नाही. तू बघ.”

सरांच्या तोंडून ‘व्हायचं नाही’ हे शब्द विनयाने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. तिला ते मुळीच आवडले नाहीत.

“सर, तुमचं काही चुकलेलं नाही,” ती म्हणाली. “एकच गोष्ट चौतीस वेळा लिहिली की कोणाचंही एकदा चुकणारच. आपण क्लास लिहायचेच नाहीत. प्रोग्रॅमकडूनच लिहून घ्यायचे.”

“म्हणजे?”

“म्हणजे आपण फक्त एक तक्ता करायचा. एका घराची एक ओळ. आणि एक साचा करायचा, जो ती ओळ वाचून त्या घराचा क्लास आपला आपण तयार करेल. याला मेटाप्रोग्रॅमिंग म्हणतात. कोड लिहिणारा कोड.”

सरांच्या चेहऱ्यावर, गणित सुटल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर यायचं तसलं हसू आलं. “अरे वा! म्हणजे समीकरण एकदा मांडायचं आणि क्ष च्या जागी घरं घालत जायचं. हे मला आधी का नाही शिकवलंस?”

“पोर्शन राहिला होता सर.”

सरांची बायको ज्युलीबाई चहा घेऊन आल्या, त्या म्हणाल्या, “दोन वर्षं माझ्याशी धड बोलले नाहीत या चौतीस घरांपायी. आणि तू म्हणतेस एका तक्त्यात होतं?”

दोन संध्याकाळी आणि एका रविवारी विनयाने काम उरकलं. तेराशे चौऱ्याण्णव ओळींच्या बावन्न ओळी झाल्या. पण त्याआधी तिने प्रत्येक घर डोळ्यांखालून घातलं, काही वेगळं असेल तर सुटायला नको म्हणून. काही घरांवर सरांनी मराठीत टिपा लिहून ठेवल्या होत्या. ‘येथे फोन मुलाचा आहे.’ ‘हे गृहस्थ रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्याशिवाय येत नाहीत.’ त्या सगळ्या तिने तक्त्यात घेतल्या. फक्त एकोणतिसाव्या घरात, शांताबाईंच्या क्लासमध्ये, निरोपाच्या जागी पंधराऐवजी पंचेचाळीस होते. शेजारी टीप नव्हती. काहीच नव्हतं.

विनया त्या आकड्याकडे बघत राहिली. आणखी एक चूक. बिचारे सर. आकडा दुसऱ्याच जागेचा असणार, डोळ्यांनी दगा दिला असणार. विचारायला फोन हातात घेतला आणि परत ठेवला. एका चुकीने माणूस ‘व्हायचं नाही’पर्यंत आला होता, दुसरी कशाला दाखवायची? तिने सगळ्यांना एकच पंधराचा आकडा साच्यातच घालून टाकला आणि कोणाला काही बोलली नाही. तेवढ्याने आपण सरांना जपलं असं वाटून तिला बरंही वाटलं. चांगुलपणा करताना माणूस चौकशी करत नाही, तिथेच घोडं पेंड खातं.

फर्डिनंडनी तक्ता छापून पंपाच्या खोलीवर चिकटवला. सगळ्यांना सगळं दिसतंय, भांडणाला जागा नाही, म्हणून लोक खूश. विनयाही खूश.

बाराव्या दिवशी, शनिवारी सकाळी सरांचा फोन आला. “येऊन जा,” एवढंच. शाळेत ‘वही घेऊन ये’ म्हणायचे, तोच आवाज.

ती स्कूटर काढून गेली. सर ओट्यावर बसले होते. समोर पंपावरून आणलेला तक्ता.

“पंचेचाळीस कुठे गेले?” त्यांनी विचारलं.

“मला वाटलं चूक आहे.”

“टीप नव्हती म्हणून?”

“हो.”

“टीप मुद्दामच नव्हती, विनया.”

मग त्यांनी सांगितलं. शांताबाईंचं घर वाड्यांच्या अगदी टोकाला. दोन वर्षांपूर्वी त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, चाल मंदावली. मंडळाच्या बैठकीत कोणीतरी सुचवलं, त्यांचं चाक दुसऱ्याने फिरवावं. शांताबाई भर सभेत उठल्या आणि म्हणाल्या, ज्या दिवशी माज्या हाताने चाक फिरनार नाय त्या दिवशी वाडी सोडीन, उपकार नको. त्यावर कोणाची बोलायची टाप नव्हती. सर घरी आले आणि त्यांनी एक आकडा बदलला. त्या दिवसापासून शांताबाईंना निरोप इतरांपेक्षा अर्धा तास आधी जायचा. त्या आपल्या निघायच्या, वेळेवर पोचायच्या, चाक फिरवायच्या. त्यांनाही पत्ता नव्हता, गावालाही नव्हता.

“चौतीस सारख्या गोष्टी एकाखाली एक असल्या की कोणी वाचत बसत नाही,” सर म्हणाले. “तिथे एखादी गोष्ट झाकून राहते. तुझ्या तक्त्यात झाकायला जागाच नाही.”

“आता काय झालंय?”

“दोन पाळ्या चुकल्या. दोन्ही वेळा ती पोचली तेव्हा पाणी दुसऱ्याच्या वाडीत गेलेलं. तिसरी मंगळवारी. पण ती तोवर थांबणार नाही म्हणते. मुलीकडे नालासोपाऱ्याला चालली आहे. कायमची.”

विनयाला रडू आलं. ती सरांना ‘सॉरी’ म्हणाली आणि ते किती तोकडं आहे हे तिचं तिलाच कळलं.

“मी आत्ता पंचेचाळीस करते सर. एका घरासाठी वेगळा आकडा घालणं काही कठीण नाही.”

“आणि तो भिंतीवर छापशील? तेहतीस घरांना पंधरा, आणि शांताला पंचेचाळीस? त्यापेक्षा तिला नालासोपाऱ्याला जाऊ दे.”

विनया उठली आणि वाटेवरून चालत शांताबाईंकडे गेली.

शांताबाई अंगणात बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. शेजारी एक पिशवी, तिच्यात घडी घातलेली चार लुगडी. मागे वाडीत पालक, मुळा, मांडवावर दुधी, कडेला अबोलीची रांग. पालकाची पानं मलूल पडली होती. दोन पाळ्यांचं पाणी बुडालं होतं ते तिथे दिसत होतं.

“तू मास्तरांची पोर ना? कॉम्प्युटरवाली? बस. पानी घे.”

“काकू, तुमची पाळी माझ्यामुळे चुकली,” विनया एका दमात म्हणाली. “मशिनमध्ये माझी चूक झाली. तुम्हाला निरोप उशिरा आला.”

“उशिरा कशाला येल? सगळ्यांना येतो तसाच आला. ज्युलीला मी इचारलं, तिला बी पंदरा मिन्टं आधीच येतो.” शांताबाईंनी शेंगेचा दाणा टोपल्यात टाकला. “खोटं नको बोलू बाय माज्यासाठी. माजा पाय गेला. परवा-परवापर्यंत पोचत होते ना गं मी! एकदा बी चुकले नाय. आनि या पंदरा दिवसांत काय झालं कोन जाने. निगते तशीच निगते, चालते तशीच चालते, आनि जाऊन बघते तर पानी गेलेलं. म्हातारपन असं एकदम येतं, मला कोनी सांगितलं नवतं.”

शांताबाईंचा पाय होता तसाच होता. तो गेला असं त्यांना वाटलं ते विनयाने पुसलेल्या एका आकड्यामुळे. आणि ते सांगायची सोय नव्हती, कारण खरं सांगितलं तर दोन वर्षांचा ताठ कणाही त्याच्याबरोबर जाणार होता.

विनयाही शेंगा सोलू लागली. सोलता सोलता तिचं लक्ष वाटेकडे गेलं. ती वाट कुंपणाकुंपणाने वळसे घेत लांबवर गेली होती आणि पंप कुठे दिसतही नव्हता. मघाशी याच वाटेने पंपापासून इथवर येताना तिला स्वतःला, तिशीतल्या धडधाकट बाईला, पंधरा मिनिटं लागली होती. आणि सॅन्टनचं घर? पंपाला टेकून. त्याने खिडकीतून हात काढला तर चाक हाताला लागेल.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “सॅन्टनला पंधरा मिनिटं आधी सांगायचं आणि तुम्हालाही पंधराच, हा कुठला न्याय?”

“म्हंजे?”

“म्हणजे मी सगळ्यांना एकाच साच्यातून काढलं. घरं काही एकाच जागी नाहीत. हा हिशेब मुळातच चुकलाय, सगळ्यांचाच. मला प्रत्येक घरापासून पंपापर्यंत चालून मोजायला हवं. सुरुवात टोकाच्या घरापासून करायची. याल माझ्याबरोबर? मी तुमच्या चालीने चालेन. माझ्या चालीने मोजून उपयोग नाही, पाणी सोडायला मी थोडीच येणार आहे.”

शांताबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. ही बया दया करते आहे का, याचा अंदाज त्या घेत होत्या. “सगळ्यांचं मोजशील?”

“चौतीसच्या चौतीस. फर्डिनंड अंकलना सुद्धा चालवणार.”

“त्याला चालव,” शांताबाई काठी घेऊन उठल्या, “त्याला चालवशील तर मी येते. बगायला तरी येते.”

दोघी निघाल्या. विनयाने मोबाइलचं घड्याळ लावलं. शांताबाई वाटेत दोनदा थांबल्या. एकदा दम घ्यायला, एकदा कोणाच्या तरी केळीला नावं ठेवायला. ‘हे बी मोज,’ म्हणाल्या, ‘केळी बगितल्याबिगर मी कदी पुढे गेले नाय.’ पंपाशी पोचल्या तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती.

रविवारचा अख्खा दिवस विनया घराघरातून हिंडली. सॅन्टनला एक मिनिट. फर्डिनंडनी छाती काढून सांगितलं, सहा. प्रत्यक्षात अकरा लागली आणि ते पोचल्यावर कठड्यावर बसून राहिले. शांताबाई पंपाशी खुर्ची टाकून हे सगळं बघत होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला टोमणे मारत होत्या. त्यांना इतकं खुशीत गावाने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

शेवटी सरांचं घर राहिलं.

“आमचं मोजायला नको,” सर म्हणाले. “सात मिनिटं. तीस वर्षं चालतोय.”

ज्युलीबाईंनी दारातून विनयाकडे बघत हळूच नकारार्थी मान हलवली. विनयाने आदल्या दिवशीच सरांना त्या वाटेवर पाहिलं होतं. ते क्रूसापाशी थांबले होते, मग बावखलाच्या काठावर कुंपण धरून उभे राहिले होते, आणि कोणी बघतंय का हे मागे वळून पाहिलं होतं. सात मिनिटं केव्हाच मागे पडली होती, वीस होत आली होती.

“सात,” ती म्हणाली, आणि वहीत सात लिहिले.

सोमवारी तिने तक्त्यात एक रकाना वाढवला: घर ते पंप. साच्यात एकच ओळ बदलली. तयारीची दहा मिनिटं, अधिक चालायची मिनिटं, तेवढा वेळ आधी ज्याला त्याला निरोप. बाकी कशाला हात लावावा लागला नाही. चौतीस घरांना आपापला क्लास मिळाला. सरांच्या ओळीशी तिचा हात थबकला. सातचे वीस करायला एक क्षण लागला असता, आणि कोणाला कळलंही नसतं. पण एकदा न विचारता केलेल्या मायेने काय होतं ते तिने नुकतंच पाहिलं होतं. तिने सात तसेच ठेवले.

तिने नवा तक्ता सरांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि एकोणतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं.

“पस्तीस,” ते पुटपुटले. “आणि दहा.”

“पंचेचाळीस,” विनया म्हणाली. “तुम्ही कसे मोजले होते सर?”

“तिच्या मागून चाललो होतो. लांबून.” त्यांनी कागदाची घडी घातली. “मी फक्त तिचेच मोजले. बाकीच्यांचे मोजायचं मला सुचलंच नाही.”

मंगळवारी विनयाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पाळी चार वाजून दहा मिनिटांची होती. चार वाजून पाच मिनिटांनी शांताबाई वळणावर दिसल्या. काठी एका हातात, दुसऱ्या हातात पदराचा शेव. आल्या, दम खाल्ला, काठी फर्डिनंडच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी चाक धरलं. ते जड होतं. विनयाचे हात आपोआप पुढे आले, पण तिने ते मागे घेतले. चाक कुरकुरलं, फिरलं, आणि पाण्याचा आवाज पाइपातून टोकाच्या वाडीकडे निघाला.

“पाय काय गेला नाय माजा,” शांताबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. “तुमचं मशिनच गाढव होतं.”

“होतं खरं,” विनया म्हणाली. सर दुसरीकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

महिन्याभराने मंडळाने रांगेतल्या तीन नव्या घरांना पाळी दिली. विनयाने मनवेलपाड्यात बसूनच, सरांनाही आपल्या कॉम्प्युटरवर उघडता येई तो सामायिक तक्ता उघडला. पूर्वी यासाठी सव्वाशे ओळी उतरवाव्या लागल्या असत्या. आता तीन पुरत होत्या. ओळी घालायला ती खाली जात होती आणि मध्येच थांबली.

सरांच्या घरापुढे सात नव्हते. वीस होते. तिने नव्हते घातले. शेजारी सरांनी टीप लिहिली होती, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने, पूर्णविरामासकट:

‘आधीचे उत्तर चूक. स्वतः चालून मोजले.’

विनयाने ती दोनदा वाचली. कितीतरी वह्यांवर तिने सरांचे असे शेरे लाल शाईत पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी चूक तिची होती. तिने डोळे पुसले, ती ओळ जशीच्या तशी राहू दिली, आणि खाली नव्या घरांची नावं लिहायला घेतली.